ऊब आत, ओल बाहेर

मुलं इंग्लंडात स्थायिक झालेल्या घरांत हा प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. "शंभर वर्षांचं जुनं घर घेतलं. खालच्या मजल्याला आतून इन्सुलेशन केलं, दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्या, दारांच्या फटी बुजवल्या. गॅसचं बिल उतरलं. पण जानेवारीत बेडरूममधलं कपाट हलवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी! आधी थंडी वाजायची, पण बुरशी कधी नव्हती. मग इन्सुलेशन करून चुकलं का?"

चुकलं नाही, काम अर्धवट राहिलं. भिंतीकडे लक्ष दिलं गेलं, हवेकडे दिलं गेलं नाही. ही हवेची बाजू एकदा समजली की कपाटामागची बुरशी नेमकी तिथेच का आली, हेही कळतं.

१. स्वेटर आणि विंडचीटर

डिसेंबरात पहाटे दुचाकीवरून साताऱ्याहून महाबळेश्वरला निघालात तर नुसत्या स्वेटरनं भागत नाही. लोकर कितीही जाड असली तरी वारा विणीतून आत शिरतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. वरून पातळ विंडचीटर चढवला की तोच स्वेटर कामाला लागतो. थंड देशातल्या घराचंही असंच असतं. भिंत, छप्पर आणि जमीन यांच्यातून उष्णता हळूहळू झिरपत बाहेर जाते. तिला अडवतो तो स्वेटर: खनिज लोकर, फोम, लाकडाच्या तंतूंचे तक्ते. उरलेली उष्णता फटींतून निसटणाऱ्या हवेबरोबर जाते. तिला अडवतो तो विंडचीटर: रबरी पट्ट्या, बुजवलेले सांधे, घट्ट बसणारी तावदानं.

बोलताना दोन्हींना सरसकट 'इन्सुलेशन' म्हटलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो. कारण घर उबदार करायला काढलं की स्वेटरबरोबर विंडचीटर आपोआप येतो. दुहेरी काच उष्णतेसाठी घेतलेली असते, पण तिच्या चौकटीचं रबर वाराही बंद करतं. भिंतीला आतून तक्ते लावून नवा गिलावा केला की जुन्या भेगा झाकल्या जातात. मालकानं विचारही केलेला नसतो आणि घर हवाबंद व्हायला लागतं. विंडचीटर घालून घाट पायी चढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाहेरून थेंब आत येत नाही, पण आतला सदरा घामानं चिंब होतो.

२. धुराड्यानं फुकट केलेलं काम

जुनं घर गळकं, थंड आणि खर्चिक होतं, तरी ते कोरडं राहायचं. याचं श्रेय बरंचसं कोळशाला जातं. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी घरात जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या खोलीत शेगडी आणि तिच्यावर धुराडं असे. पेटलेली शेगडी जळण्यासाठी लागते त्याहून कितीतरी जास्त हवा खोलीतून ओढून छपरावर सोडते. विझलेली असतानाही धुराड्यातून थोडी हवा वर जातच राहते. तिची जागा घ्यायला खिडक्यांच्या आणि लाकडी जमिनीच्या फटींतून बाहेरची हवा आत येई. माणसं शेगडीसमोर भाजत, पाठीमागे गारठत. पण श्वासाची, स्वयंपाकाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्या ओढीबरोबर निघून जात असे.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरकट धुक्याची ती कुप्रसिद्ध चादर पसरली आणि हजारो माणसं दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरगुती कोळसा मागे पडत गेला. त्याच्या जागी गॅस आणि रेडिएटर आले. रिकाम्या शेगड्या फळ्या ठोकून बंद झाल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं, तशी उरलेल्या फटींवर पट्ट्या चिकटल्या. शेगडी ऊब देते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती घराचा एक्झॉस्ट फॅनही होती, हे ती गेल्यावर कळलं.

आपल्या जुन्या घरांतही चुलीवरच्या धुराड्यानं आणि कौलांमधल्या फटींनी हेच काम केलं. तिथे कोणी वायुवीजनाचा हिशेब मांडला नव्हता. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि तो हिशेब आपल्या अंगावर आला.

३. हवेत पाणी किती मावतं?

आता थोडे आकडे. हवेत अदृश्य वाफ असते, पण ती किती मावावी याला मर्यादा आहे, आणि ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्यानं बदलते. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना साडेनऊच्या आसपास आणि शून्याला पाचहून कमी. हवेत प्रत्यक्षात असलेली वाफ आणि मावू शकणारी वाफ यांचं प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवामानवृत्तात टक्क्यांत सांगतात ती.

समजा खोली २० अंशांवर आहे आणि आर्द्रता ५० टक्के. म्हणजे घनमीटरमागे साडेआठ ग्रॅम वाफ. हीच हवा ९ अंशांच्या थंड काचेला टेकली की तिची मर्यादाच गाठली जाते आणि काचेवर थेंब जमतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तो याच कारणानं.

बुरशी मात्र थेंबांची वाट पाहत नाही. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसच्या दिवस राहिली की तिला तेवढं पुरतं. आपल्या २० अंश आणि ५० टक्क्यांच्या खोलीत ही स्थिती भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांवर उतरला की येते. जर्मनीतल्या बांधकाम मानकात हाच आकडा किमान मर्यादा म्हणून वापरतात.

म्हणजे बुरशीचं कोडं दोन प्रश्नांत सुटतं: भिंत किती थंड आहे, आणि हवेत वाफ किती आहे.

पहिला प्रश्न. बाहेर शून्य, आत २० अंश असताना उघड्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साडेचौदा अंशांच्या आसपास असतो. चांगलं इन्सुलेशन केलं की तोच १९ च्या वर जातो. म्हणजे इन्सुलेशन बुरशीच्या विरोधातच आहे. त्याला दोष देणारे इथेच चुकतात.

दुसरा प्रश्न. फटी बुजल्या, वाफ अडकली आणि आर्द्रता ५० वरून ६५ टक्क्यांवर गेली. आता धोक्याची रेषा १२.६ वर राहत नाही, ती सोळा-सतरा अंशांवर चढते. इन्सुलेशन झालेली १९ अंशांची भिंत अजूनही सुरक्षित आहे. पण ज्या भिंतीला काही केलेलं नाही, ती साडेचौदावरच आहे. काल ती रेषेच्या वर होती, आज खाली गेली. तिच्यापुढे कपाट उभं असेल तर खोलीची उबदार हवा मागे पोचत नाही आणि भिंत आणखी दोन-तीन अंशांनी उतरते. खोलीचा बाहेरचा कोपरा, खिडकीच्या चौकटीलगतची बाजू, खिडकीवरची तुळई, या जागाही अशाच थंड राहतात. वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये कपाटामागे काळं पडलं ते यामुळे. वाफ साऱ्या घराची, पण ती बसली तिथे, जिथे भिंत सर्वांत गार होती.

४. रोजचं दहा लिटर

एवढी वाफ येते कुठून? चौघांच्या कुटुंबात श्वास, घाम, आंघोळी, स्वयंपाक आणि कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत जातं. यंत्रात पिळून काढलेले एका खेपेचे कपडे घरात वाळत घातले तर त्यातूनच दोनेक लिटर निघतं. इंग्लंडात हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत नाहीत, ते रेडिएटरवर टाकले जातात.

ज्वालेचं पाणी मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. गॅसमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की पाणीच तयार होतं. आपला १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सिलिंडर दीड महिना पुरला तर रोजचं अर्धा लिटर. पातेल्यातून निघणारी वाफ यात धरलेली नाही, हे निव्वळ शेगडीच्या ज्योतीचं पाणी. इंग्लंडातल्या नळाच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याच्या एका किलोतून सव्वादोन किलो पाणी निघतं.

म्हणूनच शेगडीवरच्या चिमणीला बाहेर जाणारी नळी आहे की नाही, हे पाहायला हवं. नळी नसलेली चिमणी तेलाचा धूर जाळीत पकडते, थोडा वास कमी करते आणि सगळी वाफ पुन्हा स्वयंपाकघरात सोडते. तिच्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओलीचा दोष राहणाऱ्यांच्या माथी मारायची सवयही इथूनच सुरू होते. "तुम्ही कपडे घरात वाळवता, झाकण न ठेवता भात शिजवता!" इंग्लंडात रॉचडेल इथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये डिसेंबर २०२० मध्ये एक दोन वर्षांचं बाळ दगावलं. दीर्घकाळ बुरशीच्या सान्निध्यात राहिल्यानं हे घडलं, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. फ्लॅटमध्ये पुरेशी हवा खेळत नव्हती, हेही त्यात नोंदलं गेलं. २०२३ मध्ये सामाजिक घरांच्या मालकांना ओल-बुरशीच्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत काम करणं बंधनकारक करणारा कायदा आला. माणसं श्वास घेणार, आंघोळ करणार, शिजवणार. त्यासाठीच घर असतं.

५. मग थोड्या फटी ठेवाव्यात का?

हा उपाय सुचतोच, आणि तो वाईट आहे. फटीतून किती हवा यावी हे वारा आणि बाहेरची थंडी ठरवतात. वादळी रात्री गरजेच्या कितीतरी पट हवा घुसते, स्तब्ध धुकट दिवशी काहीच येत नाही. शिवाय फट जिथे आहे तिथून हवा येते, तुम्हाला हवी तिथून नाही. बाथरूमची वाफ जिन्यातून वरच्या बेडरूममध्ये गेली तर हवा हलली खरी, पण ओल फक्त खोली बदलून बसली.

घरातल्या हवेला वाट आखून द्यावी लागते. बाहेरची कोरडी हवा बैठकीच्या खोलीत आणि बेडरूममध्ये यावी, तिथून दारांखालून पुढे सरकावी आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास इथून बाहेर पडावी. यासाठी खिडकीच्या चौकटीत वर एक अरुंद झरोका असतो, तो उघडझाप करता येतो. आतल्या दारांखाली तयार जमिनीपासून १० मिलिमीटर जागा लागते. जाड गालिचा घातला की ही जागा नाहीशी होते आणि मग पंखा कितीही फिरला तरी ओढायला त्याला हवाच मिळत नाही. सुतार बोलावून दार खालून तासून घेणं हा या साऱ्या कामातला सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांत आकडे दिलेले आहेत. अधूनमधून चालणाऱ्या पंख्यानं न्हाणीघरातून सेकंदाला १५ लिटर हवा काढावी. स्वयंपाकघरात शेगडीवरून थेट बाहेर ओढणारी चिमणी असेल तर ३० लिटर, नसेल तर ६०. तीन बेडरूमच्या घराला एकंदर सतत मिळायला हवी ती हवा सेकंदाला ३१ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ११२ घनमीटर.

"एवढी गरम हवा बाहेर फेकायची, मग इन्सुलेशन कशाला केलं?" हिशेब करून पाहू. एक घनमीटर हवा एका अंशानं तापवायला ०.३३ वॉट-तास लागतात. आत आणि बाहेर १५ अंशांचा फरक धरला तर ११२ घनमीटरला साधारण ५५० वॉट. आता भिंती. उघड्या नऊ इंची विटांच्या १०० चौरस मीटर भिंतीतून याच थंडीत तीन किलोवॉटच्या थोडी वर उष्णता जाते. इन्सुलेशननंतर ती साधारण ४५० वॉटवर येते. म्हणजे वाचले २,७०० आणि हवेसाठी दिले ५५०. त्यातही जुन्या फटी याहून जास्त खात होत्या, ते वेगळंच.

६. खिडकी, पंखा की यंत्र?

जर्मनीत दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत घरातली सगळी हवा बदलून घ्यायची पद्धत आहे, भर हिवाळ्यातसुद्धा. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती गार पडत नाहीत. खिडकी दिवसभर किंचित किलकिली ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ बरं, कारण किलकिल्या खिडकीची कड थंड पडून तिथेच बुरशी धरते. ही पद्धत चांगली आहे, फक्त ती माणसाच्या आठवणीवर चालते आणि बेडरूममध्ये वाफ साठते ती रात्री झोपेत.

बाहेर पाऊस असला तर? उघडावी. ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची इंग्रजी हवा कागदावर भिजलेली वाटते, पण तिच्यात घनमीटरमागे जेमतेम सहा ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते.

जुन्या घराला मला सर्वांत पटणारा मार्ग म्हणजे न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात मंद गतीनं अखंड चालणारे, आवाज न करणारे पंखे आणि खोल्यांना झरोके. आवाज हा इथे गौण मुद्दा नाही. घरघरणारा पंखा लोक बंद करतात. तो ओढतो की नाही हे पाहायला जाळीला टॉयलेट पेपरचा एक तुकडा लावावा. तो चिकटून राहिला तर हवा जाते आहे, गळून पडला तर नळी तुंबलेली असेल किंवा ती माळ्यावरच उघडी सुटलेली असेल. किती हवा जाते हे मात्र कागद सांगत नाही, त्याला मापकच लागतो.

त्यापुढचं पाऊल म्हणजे उष्णता परत मिळवणारं यंत्र. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जाते. हवा मिसळत नाही, उष्णता मात्र पलीकडे जाते. बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना ८० टक्के उष्णता परत मिळाली तर नवी हवा १६ अंशांवर खोलीत येते. १९७७ मध्ये कॅनडात रेजायना शहरात बांधलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस या प्रायोगिक घरात असं यंत्र होतं. हॅरॉल्ड ऑर आणि सहकाऱ्यांनी ते घर इतकं घट्ट केलं होतं की हवा मुद्दाम आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वोल्फगांग फाइस्ट यांनी पुढे १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाट इथे पहिली 'पासिव्हहाउस' घरं उभी केली, तीही याच तत्त्वावर.

पण हे यंत्र घट्ट घरातच पैसे वसूल करतं. घट्टपणा मोजायला दारात मोठा पंखा बसवतात, आत आणि बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक करतात (पाण्याच्या पाच मिलिमीटर उंचीइतका) आणि तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. पासिव्हहाउसमध्ये हा आकडा ०.६ च्या वर चालत नाही. जुन्या, फटींनी भरलेल्या घरात बहुतेक हवा यंत्राला वळसा घालून फटींतूनच येते-जाते. मग उरतात छतातल्या नळ्या, बदलायच्या गाळण्या आणि बिल.

७. या जागांना हात लावू नका

जुन्या इंग्रजी घरात जमिनीलगत बाहेरून जाळीच्या विटा दिसतात. लाकडी जमिनीखालची पोकळी कोरडी ठेवायला त्या असतात. पायाला गार लागतं म्हणून त्या बुजवल्या की काही वर्षांत खालचे वासे कुजतात. माळ्यावर २७० मिलिमीटर लोकर अंथरायची शिफारस आहे, पण ती वळचणीपर्यंत कोंबू नये. लोकरीमुळे माळा आता थंड झालेला असतो. खालून निसटलेली वाफ तिथे छपराला लागून थिजते, तिला वळचणीच्या फटीतून वारा लागतोच.

भिंतीला आतून इन्सुलेशन करणं सर्वांत नाजूक. आतून तक्ते लावले की मूळ विटांची भिंत पूर्वीपेक्षा गार होते, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही. तक्त्यांच्या सांध्यातून वाफ मागे गेली तर ती त्या गार विटांवर पाणी होऊन बसते, आणि ती कोणाला दिसत नाही. म्हणून वाफ अडवणारा थर उबदार बाजूला आणि अखंड असावा लागतो. विजेच्या बटणांसाठी पाडलेली भोकंसुद्धा बुजवावी लागतात.

बाहेरून केलेलं कामही बिघडू शकतं. प्रेस्टन शहरातल्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास सुमारे ३९० घरांना बाहेरून थर चढवले. काम सदोष होतं, पावसाचं पाणी थरामागे शिरलं आणि घरं आतून ओली झाली. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या घरांच्या ऊर्जा-सुधारणेचं मानक आलं. कामाला हात घालण्यापूर्वी घरातली हवा पुरेशी खेळते का हे तपासणं त्यात आवश्यक ठरवलं आहे.

आणि ज्योत. ज्या खोलीत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळतं आणि त्याला स्वतंत्र हवा येत नाही, तिथे फटी बुजवणं जिवावर बेततं. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. आपल्या शहरांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं माणसं मरतात ती याच वायूमुळे.

८. आपल्याकडे गणित उलटतं

इंग्लंडचा नियम रत्नागिरीत जुलैत वापरायला गेलात तर फसाल. तिथे बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची असते, म्हणजे घनमीटरमागे २२-२३ ग्रॅम वाफ. आत एसी लावून २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर ठेवलेल्या खोलीत १२ ग्रॅम असते. इथे खिडकी उघडली की वाफ बाहेर जात नाही, आत येते. तिकडे काच आतून घामेजते, इकडे एसीच्या खोलीची काच बाहेरून घामेजते. म्हणून वाफ अडवणारा थरही इथे बाहेरच्या बाजूला हवा. परदेशातला नकाशा तसाच उचलून तो आतून लावला तर ओल भिंतीतच अडकेल.

ताज्या हवेची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच. स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही, खोलीतलीच पुन्हा पुन्हा गार करतो. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवलं होतं की खोलीत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हजारात एक भागावर जाऊ देऊ नये. तो वायू एवढ्या प्रमाणात विषारी आहे म्हणून नव्हे, तर बंद खोलीत माणसांच्या वावरानं हवा किती कोंदट झाली याचं ते माप आहे म्हणून. बाहेरच्या हवेत आज दहा लाखांत ४२० भागांच्या वर हा वायू आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंच बेडरूम म्हणजे ३४ घनमीटर. झोपलेली दोन माणसं मिळून तासाला साधारण २४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद असेल तर दर तासाला ७०० भागांची भर पडते, म्हणजे पहिल्याच तासात पेटेनकोफरांची रेषा ओलांडली जाते. तासाला निम्मी खोली बदलेल एवढी हवा येत असेल तर आकडा १,८०० च्या आसपास स्थिरावतो. रेषेखाली राहायचं तर तासाला ४० घनमीटरच्या थोडी वर हवा लागते.

शेजारच्या न्हाणीघरातला पंखा रात्रभर मंद चालू ठेवणं आणि बेडरूमच्या दाराखाली बोटभर जागा सोडणं, हा त्यावरचा घरगुती उपाय. बाहेरची दमट हवा थोडी आत येणार आणि एसीला तेवढं पाणी जास्त काढावं लागणार, ही त्याची किंमत. नागपूरच्या मे महिन्यात हा पेच पडत नाही, कारण तिथे कूलर बाहेरची कोरडी हवा ओढून, ओली करून आत ढकलतो आणि पलीकडची खिडकी उघडी नसेल तर खोली तासाभरात चिकचिकीत होते. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची आणि एसी लावला की बंद करायची, हे विदर्भात लहान मुलालाही सांगावं लागत नाही. पुण्यात वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये स्लॅबला उष्णतारोधक थर दिला असेल तर खिडक्या पहाटे उघडाव्यात आणि नऊ-दहाला, बाहेरचा पारा आतल्यापेक्षा वर जायच्या आधी, लावून घ्याव्यात.